सात वाजताचे दोन थेंब

घरी आनंदाबाई एकट्या असल्या आणि कोणी फाटक वाजवलं, तर त्या आतूनच सांगायच्या, "घरी कोनी नाई." सिलिंडरवाला सिलिंडर घेऊन परत जायचा. मीटरचं रीडिंग घेणारा पुढच्या घरी निघून जायचा. एकदा तर त्यांचा सख्खा मामेभाऊ आर्वीहून आला होता. तोही हे ऐकून चौकापर्यंत परत गेला, आणि तिथून त्याने फोन केला तेव्हा कुठे घरात शिरला. पिपरी मेघेत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. बारा वर्षं मी हे ऐकलं आणि बारा वर्षं हसले. मी विचारायची, "मग तुम्ही कोण, आनंदाबाई? भूत?" त्याही तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

माझं नाव माणिक. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि जिभेला हाड नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या जिभेचाही वाटा आहे.

आनंदाबाईंचं सासर रोहण्याचं. सतराव्या वर्षी महादेवरावांच्या घरी आल्या, तीस-एकतीस वर्षं शेतात राबल्या. मुलगा रजत वर्ध्याला नोकरीला लागला, त्याने इथे घर बांधलं, तेव्हा शेती दिराच्या हवाली करून दोघं नवराबायको पोरामागे आले. सून मोहिनी शाळेत शिक्षिका. माणसं चार, पण चहा सकाळी चार वेळा, कारण चौघं चार वेळी उठत. रजतचा डबा साडेआठला, मोहिनीचा साडेनऊला, महादेवरावांना आंघोळीचं पाणी मध्येच केव्हातरी, आणि नळ यायचा तोही नेमका त्याच वेळी. सगळ्यांचं झालं की आनंदाबाई जेवायला बसत, आणि तेही महादेवरावांच्या उठलेल्या ताटात. मी एकदा त्यावर त्यांना चांगलं लेक्चर दिलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक ताट कमी धुवा लागते, मॅडम."

यंदा मे महिन्यात महादेवरावांनी उत्तराखंडच्या चारधामला जायचं ठरवलं. बसमध्ये दोन सीटा घेतल्या, एक आनंदाबाईंची. त्यांनी नवा स्वेटर घेतला होता, उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्रीत तो मला अंगात घालून दाखवला होता. निघायच्या आठ दिवस आधी मागच्या गल्लीत कुलूपबंद घर फुटलं. त्यातच रजतच्या कंपनीचं ट्रेनिंग पुण्याला लागलं, आणि मोहिनीला सुट्ट्या होत्या म्हणून तीही त्याच्यासोबत निघाली. मग घरी कोण? प्रश्न कोणी विचारलाही नाही. सीट वाया जाऊ नये म्हणून महादेवरावांनी आपल्या बहिणीला नेलं. मी आनंदाबाईंना म्हटलं, तुम्ही भांडला का नाहीत? तर म्हणाल्या, "घराले कुलूप दिसलं का चोर येते. मंग मीच कुलूप."

अशा त्या आयुष्यात पहिल्यांदा एकट्या राहिल्या. बावीस दिवस.

पहिले तीन दिवस त्यांनी चार माणसांचाच स्वयंपाक केला. हाताला दुसरं मापच माहीत नव्हतं. उरलेलं सगळं भिंतीवरून माझ्याकडे यायचं. चौथ्या दिवशी लहान पातेली बाहेर निघाली. पाचव्या दिवशी दुपारी चूलच पेटली नाही. मुरमुऱ्यांवर कांदा, तिखट आणि कच्चं तेल घालून त्या महादेवरावांच्या खुर्चीत कूलरसमोर बसल्या, खाल्लं, आणि तिथेच झोपल्या. हे त्यांनी मला असं सांगितलं, जणू कोणाच्या घरात चोरी करून आल्या.

आठव्या दिवशी अस्मिता आली. डोळ्यांच्या दवाखान्यातर्फे घरोघर फिरून डोळे तपासणारी ही मुलगी. तिने फाटक वाजवलं. आतून आवाज आला, घरी कोनी नाई. इतर कोणी असतं तर गेलं असतं. ही पोरगी म्हणाली, "बरं झालं काकू. मंग कोनाले विचाराचंबी काम नाई. तुमीच या बाहेर."

अस्मिताने त्यांच्या कानाच्या बाजूने बोट पुढे पुढे आणलं. दिसलं की सांगा म्हणाली. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तरी उजव्या डोळ्याला दिसत नव्हतं. मी भिंतीपाशी उभी होते. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस वाळत जाते, आणि कडेकडून दिसणं कमी होत होत एक दिवस सगळं जातं. दुखत नाही म्हणून कळत नाही. गेलेली नजर ऑपरेशनने काय, कशानेच परत येत नाही. उजवा डोळा बराचसा गेला होता. डावा चांगला होता आणि तो वाचवणं हातात होतं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, नंतर पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं, आणि दर महिन्याला नवी बाटली. खाडा नको. आनंदाबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पाच मिनिट पडून राहाचं? दोन खेपा?"

त्यांचा स्वतःचा हात थरथरायचा, थेंब गालावर पडायचा. म्हणून दोन्ही वेळा मी जाऊ लागले. औषध झोंबायचं. त्या "हाय हाय" करत डोळे घट्ट मिटायच्या आणि मी घड्याळ लावून बसायची. पाच मिनिटांत त्या काय काय सांगायच्या. जन्मात मले कोनी पडून राहा म्हनलं नाई, असं एकदा म्हणाल्या. मग चहा व्हायचा, आणि त्या कप घेऊन पायरीवर बसायच्या नि नुसत्या गल्लीकडे पाहत राहायच्या. समोरच्या कंपाउंडात पेरूचं झाड आहे हे त्यांना बारा वर्षांनी कळलं. तिसऱ्या घरची म्हातारी पांढऱ्या मांजरीला घास भरवते हेही कळलं. "डावा डोया वाचला त लय झालं," म्हणायच्या. "एवढं सारं पाहाचं राह्यलं हाय." मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, हे आता असंच चालेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो माझाच.

तेविसाव्या दिवशी सकाळी जीपचा हॉर्न वाजला. महादेवराव उतरले, बहीण उतरली, गंगोत्रीच्या पाण्याचे दोन डबे उतरले. संध्याकाळी रजत-मोहिनीही आले. मी सातला गेले तेव्हा ओट्यावर कणकेची परात, खाली मळक्या कपड्यांचा ढीग, आणि आनंदाबाई दोन शेगड्यांच्या मधे. थोडं थांबा म्हणाल्या. मी आठपर्यंत थांबले. शेवटी त्यांनी उभ्या उभ्याच मान वर केली, मी थेंब टाकले, आणि त्या डोळे पुसत पोळी उलटायला वळल्या.

कोणी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते. मोहिनी चांगली मुलगी आहे. तिने फाइल वाचली, स्वयंपाकघरातल्या जुन्या मोबाइलवर सात-सातचा अलार्म लावला. अलार्म वाजायचा आणि जो जवळ असेल तो बंद करायचा. एकदा आनंदाबाई खरंच दिवाणावर आडव्या झाल्या, तर महादेवराव घाबरून आले. बरं नाई का, विचारलं. त्या उठून बसल्या. त्या घरात सकाळी सातला बाई आडवी म्हणजे ताप, नाहीतर कोणीतरी गेलं.

मी महादेवरावांना समजावलं, बिंदू आहे, सांभाळायला हवं. ते म्हणाले, त्यांच्या आईलाही होता. दहा वर्षं वाट पाहिली, पिकला, मग शिबिरात काढून टाकला, म्हातारीला पुढे सुई ओवता येत होती. मोहिनीनेही सांगून पाहिलं की बाबा, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. "काच काय न् मोती काय," ते म्हणाले, "बिंदूच ना. पिकू द्या." माणूस वाईट नाही हो. पण त्याला एकच बिंदू माहीत होता.

चार दिवसांनी यात्रेचं मावंदं होतं. साठ पानं उठायची होती. आनंदाबाई पहाटे चारपासून पुरणाला लागलेल्या. सकाळचा थेंब चुकला होता, आणि संध्याकाळी सातला पंगत बसली. महादेवराव पाटावर बसून एकेकाच्या तळहातावर गंगेचं पाणी घालत होते. आनंदाबाई वाढता वाढता समोर आल्या, तेव्हा त्यांनी चमचाभर त्यांच्याही हातावर घातलं आणि प्रेमाने म्हणाले, डोळ्याला लाव, बरं होईल.

माझ्या डोक्याची शीर तडकली. साठ माणसांत मी उभी राहिले आणि म्हणाले, "चारधाम करून आलात महादेवराव, पण बायकोच्या डोळ्यात दोन थेंब टाकायला पाच मिनिटं नाहीत तुमच्या घरात. ती आंधळी झाली की कुलूप कोणाला करून ठेवाल?"

पंगतीतले हात थांबले. कोणीतरी भात मागितला तेव्हा पुन्हा चालू झाले. दुसऱ्या दिवशी आनंदाबाई भिंतीपाशी आल्या. त्यांचा चेहरा पाहून मला आधीच कळलं. "मॅडम," म्हणाल्या, "आता तुमी येऊ नोका. ह्यायची मान खाली गेली चार लोकाईत. तुमचं खरं होतं. पन येऊ नोका."

मला राग आला. जिच्यासाठी भांडले तिनेच दार लावलं, असं वाटलं. पण दोन दिवसांनी भिंतीवरून पाहते तर सकाळी सातला वऱ्हांड्यातल्या दिवाणावर आनंदाबाई आडव्या, आणि महादेवराव देवपूजा आटोपून, ओल्या धोतराने, हातात बाटली घेऊन त्यांच्या उशाशी. डाव्या हाताने त्यांनी बायकोचं डोकं जरा उचललं, एकेक थेंब टाकला, आणि शेजारी बसून राहिले. संध्याकाळी सातला पुन्हा. रोज. अलार्म वाजला की घरात कोणीतरी ओरडायचं, बाबा, औषध. सून चहा टाकायची, रजत आपला डबा आपण भरायचा. माझ्या जिभेने काम केलं म्हणून मी इतकी फुगले, की सिंदी मेघेच्या माझ्या बहिणीलाही फोन करून सांगितलं.

जून उजाडला. बाटली एका महिन्यात संपते. मी कॅलेंडरवर बारा तारखेला खूण करून ठेवली होती. बारा तारीख आली तेव्हा भिंतीवरून एक शब्द विचारायचा होता, नवी आणली का. मी विचारला नाही. येऊ नका म्हणणाऱ्यांच्या घरात मी कशाला नाक खुपसू, असं मनात आलं. शिवाय डोळ्यांसमोर रोज दोन वेळा बाटली दिसत होती. आणली असेल. जुलै गेला, ऑगस्ट गेला, पोळा झाला. महादेवरावांचा एक दिवस चुकला नाही.

गणपती बसायच्या आधीच्या रविवारी अस्मिता आली. तपासणीची तारीख कधीच टळून गेली होती. दवाखान्यातून फोन आला होता तेव्हा रजतने अगदी खरेपणाने सांगितलं होतं की आम्ही रोज औषध टाकतो. पोरीला तेवढ्यावर चैन पडलं नाही. आनंदाबाई पायरीवर भाजी निवडत बसलेल्या. फाटक वाजलं. घरात तिघंही होते, टीव्ही चालू होता, आणि त्या म्हणाल्या, "घरी कोनी नाई." मला सवयीने हसू आलं. मग पाहिलं, त्या बोलत होत्या त्या दिशेला कोणीच नव्हतं. अस्मिता डावीकडे उभी होती. डावा डोळा चांगला होता ना त्यांचा. माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

रजतने त्याच दुपारी गाडी काढली. दवाखान्यात काय झालं ते मला अस्मिताने नंतर सांगितलं. डाव्या डोळ्यातला दाब भलताच चढला होता, समोरचा एक तुकडा तेवढा उरला होता. डॉक्टरांनी विचारलं, औषध टाकत होता ना? महादेवराव म्हणाले, नेमाने टाकलं, एकही खाडा नाही. आणि खिशातून बाटली काढून दिली. तिच्यावरची तारीख मे महिन्याची होती. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, एक थेंब बोटावर घेतला. महादेवरावांनीच सांगितलं, औषध सरलं तेव्हा त्यांनी तीच बाटली धुऊन गंगोत्रीचं पाणी भरलं. मोहिनीने विचारलं होतं, औषध आणायचं का, तर ते म्हणाले होते, भरून ठेवलं आहे. त्यात खोटं काही नव्हतं. यात्रेहून दोन डबे त्यांनी असल्या कामासाठीच उचलून आणले होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "पिकला का आता?"

तीन महिने मी दीड हात भिंतीआड उभी राहून गंगेचं पाणी टाकताना पाहत होते आणि स्वतःची पाठ थोपटून घेत होते. एक प्रश्न विचारला असता तर एक डोळा वाचला असता. मुलांना आयुष्यभर शिकवलं की कळलं नाही तर विचारा. मी रुसून बसले.

मग न बोलावता गेले. दुपारची वेळ, महादेवराव बाहेर. आनंदाबाई दिवाणावर बसल्या होत्या. मी हात धरला तेव्हा त्यांनी मान वळवून वळवून मला त्या उरलेल्या तुकड्यात आणलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुमचं काय चुकलं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, ते औषध झोंबायचं आनंदाबाई, तुम्ही हाय हाय करायच्या. पाणी झोंबत नाही. तुम्हाला कळलं नाही?

"कयलं," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी."

मी एवढंच विचारलं, मग का नाही सांगितलं?

त्या पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "तेतालीस वर्सं झाले, मॅडम. या मानसानं माह्या डोक्याखाली कधी हात नोता देल्ला. पाच मिनिट बाजूले बसून राहे. एखांद्या खेपी कपाळावरून हात फिरवे. म्या सांगतलं असतं का पानी हाय, त दुकानातून बाटली आली असती, अन् मोहिनीनं टाकली असती. हे उठून गेले असते पेपर वाचाले."

"डोळा जाईल हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं," म्हणाल्या. "वाटलं, थोडा थोडाच जाईन."

मी घरी येऊन दार लावून रडले. त्यांच्यासाठी, की मला कधी कोणी डोक्याखाली हात दिला नाही म्हणून, ते मला नीट सांगता येणार नाही.

आता नवं औषध आलं आहे. सकाळी सातला अलार्म वाजतो. मोहिनी धावत येते, थेंब टाकते, "आई, उठू नका" म्हणते आणि डबा भरायला पळते. एक दिवस चुकत नाही. महादेवराव त्या वेळी समोरच्या खोलीत बसलेले असतात. दवाखान्यातून आल्यापासून ते आनंदाबाईंच्या जवळ फिरकत नाहीत. त्यांना वाटतं आपल्या हाताला पाप लागलं. पाण्याचे दोन्ही डबे त्यांनी तुळशीत रिकामे केले. आनंदाबाईंनी मला एकदा हळूच विचारलं, ह्यायले सांगता का, म्हणावं हात तरी द्या. मी महादेवरावांसमोर गेले, आणि ज्या जिभेला हाड नाही ती हललीच नाही. त्यांनी मान खाली घातली, मी परत आले.

परवा सकाळी सातला सिलिंडरवाला आला. मी माझ्या अंगणात होते. रजत आंघोळीला, मोहिनी मागे, महादेवराव समोरच्या खोलीत, दाराच्या अगदी जवळ. आनंदाबाई वऱ्हांड्यात दिवाणावर आडव्या, डोळे मिटलेले, कडेने औषध ओघळलेलं. फाटक वाजलं.

"घरी कोनी नाई," त्या म्हणाल्या.

महादेवरावांनी ऐकलं असणारच. ते उठले नाहीत. सिलिंडरवाला थोडा वेळ थांबला आणि परत गेला.